मूड स्टॅबिलायझरची गोळी नवीन सुरू झालीय? सगळे विचारतात ते प्रश्न

आधी माझं सांगतो. मी कोल्हापुरात गुजरीत, म्हणजे सोनारांच्या पेठेत, दागिने गाठवायचं काम करतो, म्हणजे पटवेकरी. सोनार साजाच्या पानड्या आणि जवमणी करून देतो, मी ते दोऱ्यात ओवून गाठवून देतो. बायपोलर (मूड कधी भलताच वर, कधी एकदम खाली जायचा आजार) निघून ११ वर्षं झाली, तेव्हापासून लिथियम चालू आहे, मधले आठ महिने सोडून, त्या आठ महिन्यांचं खाली येईलच. दुकानात, फोनवर, लग्नाच्या पंगतीत, कुठंपण कोणतरी हळूच बाजूला घेतं आणि विचारतं, "आमच्या पोराला पण तसलीच गोळी दिलीय ओ, काय होतंय का त्यानं?" प्रश्न तेच तेच आहेत म्हणून एकदा बसून लिहून काढले. मी डॉक्टर नाही, इथं वाचून डोस कमीजास्त करू नका, पण डॉक्टरसमोर पाच मिनिटं मिळतात तेव्हा काय विचारायचं ते तरी कळेल.

मूड स्टॅबिलायझर म्हणजे नक्की कुठली गोळी?

एकच गोळी नाही, सगळं घराणंच आहे. लिथियम, व्हॅलप्रोएट (चिठ्ठीवर डायव्हॅलप्रोएक्स असं पण असतं), लॅमोट्रिजिन, कार्बामॅझेपिन, ही नेहमीची. ओलान्झापिन आणि क्वेटियापिन ही खरं तर अँटीसायकोटिक (भास-भ्रमावरची औषधं), पण तीसुद्धा याच कामाला देतात. प्रत्येकीचा त्रास वेगळा असतो, म्हणून "माझ्या मेव्हण्याला असं झालं" हे ऐकायच्या आधी मेव्हणा कुठली गोळी घेतो ते विचारा. निम्मी भीती तिथंच संपते.

मला फिट येत नाही, मग गोळीच्या कागदावर फिटचं औषध असं का लिहिलंय?

कारण व्हॅलप्रोएट, लॅमोट्रिजिन, कार्बामॅझेपिन ही मुळात फिटचीच औषधं. व्हॅलप्रोएटची गंमत अशी की ते १८८२ ला तयार झालं आणि नंतर ८० वर्षं लॅबमध्ये दुसरी औषधं विरघळवायला वापरायचं द्रव म्हणून पडून होतं, १९६२ ला फ्रान्समध्ये कोणाच्यातरी लक्षात आलं की ह्यात विरघळवलेलं काहीही दिलं तरी फिट थांबतेय, म्हणजे काम ते द्रवच करतंय. मूडवर चालतं हे पुढं कळलं. डॉक्टरनं चुकून दुसऱ्याची चिठ्ठी दिली नाही, काळजी करू नका. घरच्यांना मात्र आधीच सांगून ठेवा, नाहीतर आत्या कागद वाचते आणि सगळ्या गल्लीत पोराला फिट येते असं होऊन जातं.

लिथियम म्हणजे ते मोबाईलच्या बॅटरीतलं?

धातू तोच, पण गोळीत त्याचा क्षार असतो, लिथियम कार्बोनेट. मिठाचा चुलतभाऊ समजा. हे वाक्य डोक्यात ठेवा, खाली सगळं ह्याच्यावरच आहे. १९२९ ला सेव्हन अप बाजारात आलं तेव्हा त्यात पण लिथियमचा क्षार घालायचे, आता नसतो. १९४९ ला ऑस्ट्रेलियात जॉन केड नावाच्या डॉक्टरनं मॅनियाच्या (मूड भलताच वर चढतो, झोपेची गरजच वाटत नाही, त्या अवस्थेच्या) पेशंटांना देऊन बघितलं, तिथून हे औषध सुरू झालं. त्याच वर्षी अमेरिकेत हार्टच्या पेशंटांना मिठाऐवजी लिथियमचं मीठ भाजीवर टाकायला दिलेलं आणि त्यात माणसं दगावली, कारण कोण रक्त तपासतच नव्हतं. औषध चांगलं आहे पण मोजून घ्यायचं औषध आहे.

चार दिवस झाले, काहीच फरक नाही. डॉक्टर बदलू का?

नको. लिथियमला मॅनिया उतरवायला एक ते तीन आठवडे लागतात, म्हणून सुरुवातीला जोडीला दुसरी झोपेची किंवा शांत करायची गोळी देतात. व्हॅलप्रोएटचा फरक काही दिवसांत दिसायला लागतो. लॅमोट्रिजिन सगळ्यात सावकाश, त्याचा नेहमीचा डोस गाठायलाच सहा आठवडे जातात. हे मुद्दाम सावकाश असतं, त्याचं कारण पुरळाच्या प्रश्नात आहे. आणि घरातल्यांना फरक आधी दिसतो, पेशंटला नंतर. माझ्या बायकोनं सांगितलेलं की मी जेवताना ताटाकडं बघून जेवायला लागलो, त्याच्या आधी जेवता जेवता उठून फोन, परत घास, परत फोन. मला स्वतःला तसलं काही जाणवलं नव्हतं.

सुरू करायच्या आधी कसल्या टेस्ट करतात?

लिथियम असेल तर किडनीची म्हणजे क्रिएटिनिन, थायरॉईडची टीएसएच, कॅल्शियम, वजन, वय जास्त असेल किंवा हृदयाचं काही असेल तर ईसीजी. व्हॅलप्रोएट असेल तर लिव्हरची आणि सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची. बायकांना प्रेग्नन्सी टेस्ट सांगतात, त्यात लाजायचं काही नाही. पहिले रिपोर्ट जपून ठेवा, दोन वर्षांनी "हे आधीपासून होतं की गोळीनं झालं" हे त्याच कागदावरून कळतं.

लिथियमची लेव्हल म्हणजे काय आणि रक्त कधी द्यायचं?

इथं सगळ्यात जास्त घोळ होतो म्हणून जरा सविस्तर. रक्तात लिथियम किती आहे ते मोजतात. कायमच्या डोसला साधारण ०.६ ते १.० मध्ये असावं, मॅनिया जोरात असताना डॉक्टर थोडं वर ठेवतात, आणि १.५ च्या पुढं गेलं की विषबाधेच्या बाजूला. काही जणांना, जास्त करून वयस्कर माणसांना, त्याच्या खालीपण त्रास होतो. गोळी सुरू केल्यावर किंवा डोस बदलल्यावर पाच ते सात दिवसांनी बघतात, नंतर सगळं स्थिर झालं की तीन ते सहा महिन्यांनी, आणि किडनी, थायरॉईड दर सहा महिन्यांनी.

रक्त शेवटच्या गोळीनंतर बरोबर १२ तासांनी द्यायचं. रात्री ९ ला गोळी घेतली तर सकाळी ९ ला रक्त, आणि सकाळची गोळी असेल तर ती रक्त देऊन झाल्यावर. उपाशी असायची गरज नाही. मी पहिल्यांदा सकाळची गोळी घेऊन, चहा खारी खाऊन, दोन तासांनी एका लॅबमध्ये गेलो, तिथं कोणी विचारलं पण नाही की गोळी कधी घेतली. रिपोर्ट आला १.४. घरात रडारड, मेव्हणा गाडी काढून तयार. डॉक्टरनं फोनवर एकच विचारलं, "गोळी किती वाजता घेतलीस?" दोन दिवसांनी नीट वेळेवर रक्त दिलं तर ०.८. तेव्हापासून मी लॅबवाल्याला सांगून फॉर्मवर गोळीची वेळ लिहायला लावतो, तो वैतागतो, वैतागू दे.

पहिल्या पंधरा दिवसांत काय काय होतं?

मळमळ, जुलाबासारखं, डोकं जड, झोप झोप, तोंडात नाणं धरल्यासारखी चव, हाताला थोडी थरथर, तहान. सगळ्यांना सगळं होत नाही. बरंचसं दोन-चार आठवड्यांत कमी होतं. मळमळीला साधा उपाय म्हणजे जेवून गोळी घ्या, रिकाम्या पोटी नको. लांब काम करणाऱ्या गोळ्या असतात, नावापुढं एसआर, ईआर, सीआर असं काहीतरी असतं, त्या चावू नका, कुटून दुधात घालू नका, सगळं औषध एकदम अंगात जातं. आमच्या शेजारच्या काकू सासऱ्यांना गोळी गिळवत नाही म्हणून खलबत्त्यात कुटून द्यायच्या. आणि झोप येत असेल तर पहिले काही दिवस गाडी चालवू नका. करवीर ते कागल हायवेला ट्रकच्या मागं डुलकी म्हणजे विषय संपला.

हात थरथरतात. हे जाणार का असंच राहणार?

माझा आवडीचा प्रश्न, कारण माझं पोटच हातावर आहे. लिथियम आणि व्हॅलप्रोएट दोन्हीनं बारीक थरथर होते, हात पुढं धरला की बोटांची टोकं हलतात. मला तिसऱ्या आठवड्यात कळलं. सुईच्या नेढ्यात दोरा जाईना. दोऱ्याला मेण लावलं, टोक तिरकं कापलं, श्वास धरला, तरी दोरा नेढ्याच्या डाव्या बाजूनं जातोय नाहीतर उजव्या. समोर गिऱ्हाईक बसलेलं, सोन्याचा माल काढून ठेवलेला, आणि मी सात वेळा चुकलो. शेवटी पोरानं ओवून दिली. तो नववीत होता तेव्हा. त्यानं माझ्याकडं बघितलं नाही, सुई तेवढी हातात दिली.

त्या रात्री मी गोळी सोडणार होतो. आधी डॉक्टरकडं गेलो हे माझं नशीब. त्यांनी लेव्हल बघितली, डोस थोडा कमी केला, दिवसाचे दोन डोस होते ते एकत्र करून रात्रीला नेले म्हणजे जोर झोपेत निघून जातो, आणि विचारलं चहा किती घेता. गुजरीत माणूस चहा मोजत नाही ओ, पण मोजले तर दिवसाला अकरा निघाले. चहा-कॉफीनं थरथर वाढते, पण इथं एक मेख आहे, चहा एकदम बंद केला तर किडनी लिथियम कमी बाहेर टाकते आणि लेव्हल वर जाते. म्हणून हळूहळू कमी करायचा आणि डॉक्टरला सांगून. मी महिनाभरात चारवर आलो. तरीपण राहिलीच तर प्रोप्रॅनोलॉल नावाची गोळी देतात, पण दमा असेल तर ती चालत नाही, म्हणून मेडिकलमधून आपली आपण आणायची नाही.

आज पण थोडी थरथर आहे, दुपारी जास्त. मी सकाळीच दहा-बारा सुया ओवून पुठ्ठ्याला टोचून ठेवतो.

थरथर एकदम मोठी झाली, कप धरता येईना, चालताना तोल जायला लागला, तर ती ही थरथर नाही. ते खाली धोक्याच्या प्रश्नात आहे.

सारखी तहान लागते आणि रात्री तीनदा लघवीला उठतो, साखर झाली का?

लिथियमनं होतं असं, किडनी पाणी धरून ठेवत नाही. तरी एकदा शुगर तपासून घ्या, दोन्ही असू शकतं. पाणी कमी पिऊन लघवी कमी करायला जाऊ नका, उलटं होतं. आणि तहानेला साधं पाणी, कोल्ड्रिंक नाही. लई जास्त असेल, म्हणजे तासाला उठायला लागत असेल, तर सांगा.

अंगावर पुरळ उठलंय, चार दिवस वाट बघू का?

लॅमोट्रिजिन किंवा कार्बामॅझेपिन चालू असेल तर अजिबात वाट बघायची नाही. त्याच दिवशी डॉक्टरला फोन, आणि पुढची गोळी घ्यायच्या आधी फोन. बहुतेक पुरळ साधंच निघतं, पण क्वचित त्याचं स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम होतं, कातडी सोलून निघते, जिवावर बेततं. पुरळाबरोबर ताप, तोंडात फोड, ओठ सोलणं, डोळे लाल, घसा दुखणं, कातडी दुखणं असलं काही असेल तर फोन पण नको, सरळ हॉस्पिटल. जास्त धोका पहिल्या आठ आठवड्यांत. म्हणूनच लॅमोट्रिजिन २५ मिलीग्रॅमपासून दोन आठवडे, मग ५० दोन आठवडे असं चढवतात. बरोबर व्हॅलप्रोएट असेल तर त्याच्याही निम्म्यानं, कारण व्हॅलप्रोएटमुळं रक्तातलं लॅमोट्रिजिन दुप्पट होतं. "पावर कमी आहे, दोन घेतो" हा शहाणपणा ह्या गोळीला करायचा नाही. आणि सलग पाच दिवसांपेक्षा जास्त चुकली तर जुन्या डोसवर उडी मारायची नाही, परत पहिल्यापासून चढवायला लागते, डॉक्टरला विचारा.

वजन वाढतंय, केस गळतात.

वजन ओलान्झापिननं सगळ्यात जास्त, मग व्हॅलप्रोएट, क्वेटियापिन, लिथियम. लॅमोट्रिजिननं सहसा नाही. भूक खोटी नसते, खरंच लागते, मी पहिल्या वर्षात नऊ किलो वाढलो, रात्री अकराला गंगावेशीत दूध कट्ट्यावर जाऊन वर पावशेर रबडी. महिन्याला वजन लिहून ठेवा आणि तीन-चार किलो वाढल्यावरच सांगा, पंधरा झाल्यावर नको. केस व्हॅलप्रोएटनं गळतात, बहुतेकांचे परत येतात.

मीठ कमी करू का? बीपी पण आहे.

लिथियमवाल्यांनी मीठ कमी पण करायचं नाही आणि वाढवायचं पण नाही, रोज साधारण सारखं ठेवायचं. कारण वर सांगितलं तेच, लिथियम मिठाचा चुलतभाऊ. किडनीला दोघांतला फरक नीट कळत नाही. अंगात मीठ कमी पडलं की ती मीठ धरून ठेवते आणि बरोबर लिथियम पण धरून ठेवते, मग लेव्हल चढते. टीव्हीवर बघून एकदम अळणी सुरू करायचं किंवा लो सोडियम मीठ आणायचं तर आधी विचारा. तांबडा रस्सा चालतो, मला विचाराल तर पांढरा पण चालतो.

बीपीच्या गोळीचं जास्त महत्त्वाचं आहे. टेल्मिसार्टन, लोसार्टन, एनालाप्रिल, रॅमिप्रिल ह्या लिथियमची लेव्हल वाढवतात. नावापुढं एच असलेली बीपीची गोळी असेल तर त्यात बहुतेक हायड्रोक्लोरोथायझाइड हे लघवीचं औषध असतं, ते तर जास्तच वाढवतं. बीपीच्या डॉक्टरला लिथियम सांगा आणि ह्या डॉक्टरला बीपी सांगा. दोघं एकमेकांशी बोलतील ह्या भरवशावर राहू नका.

अंग दुखलं, डोकं दुखलं तर?

पॅरासिटामॉल. आयब्रुफेन, डायक्लोफिनॅक, नॅप्रोक्सेन नको, लिथियम अंगात साठतं. कॉम्बिफ्लाममध्ये पॅरासिटामॉल बरोबर आयब्रुफेन पण असतं, हे लई जणांना माहीतच नसतं. मेडिकलमध्ये "अंगदुखीची द्या" म्हटलं की काउंटरवरचा पोरगा खोक्यातून दोन गोळ्या कापून देतो, नाव नाही काही नाही. मला एकदा अशाच दिलेल्या, कंबर धरली होती, तीन दिवस घेतल्या आणि चौथ्या दिवशी जीभ जड, चालताना दुकानाची पायरी चुकली. लेव्हल १.६. तेव्हापासून पाकिटात आधार कार्डाच्या मागं चिठ्ठी आहे, लिथियम चालू आहे म्हणून. मणक्याला इंजेक्शन देतो म्हणणाऱ्याला पण तीच दाखवतो.

तालमीत जातो / फुटबॉल खेळतो / जोतिबाला चालत जायचंय / नवरात्र धरायचंय.

सगळ्यांना उत्तर एकच, घामानं पाणी आणि मीठ दोन्ही जातं, उपवासात दोन्ही कमी येतं. व्यायाम बंद करायचा नाही, पण भर दुपारी शाहू स्टेडियमवर मॅच असेल तर पाण्याबरोबर ओआरएस ठेवा. चैत्र यात्रेला डोंगर चढताना ऊन काय असतं ते सांगायला नको, पहाटे निघा, सोबत कोणतरी असू दे. नवरात्रात निर्जळी नको. नऊ दिवस धरणारे आहेत, उठता बसता करणारे आहेत आमच्यात, अंबाबाई काय पाण्यावर रागावत नाही, आणि साबुदाण्यात मीठ घालतोच की आपण. सगळ्यात धोक्याचं म्हणजे जुलाब-उलट्या. दिवसात चार-पाच वेळा झालं तर त्या दिवशीच डॉक्टरला फोन करा, बऱ्याचदा ते लिथियम तेवढ्यापुरतं थांबवायला सांगतात.

गणपतीत मंडळात जागलो तर?

इथं भांडण होतं माझं पोरांशी. झोप मोडणं हे मॅनियाला आवतण आहे, गोळी चालू असली तरी. कोल्हापूरची विसर्जन मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते, त्यात पोरगं ३० तास जागं राहिलं आणि तिसऱ्या दिवशी पण झोप नाही, झोप लागायची गरजच वाटत नाही म्हणतो, तर ते उत्साह नाही, ते सुरू झालंय. आरतीला जा, मिरवणुकीत दोन तास नाचा, अकराला घरी.

दारू?

नको. झोप आणि लिव्हर दोन्हीची वाट लागते, आणि दुसऱ्या दिवशी अंगातलं पाणी गेलेलं असतं. कोणी सोडायलाच तयार नसेल तर निदान डॉक्टरशी खोटं बोलू नका.

काढा, जडीबुटी, वैदूचं औषध बरोबर चालेल का?

पुडीत काय आहे ते लिहिलेलं नसेल तर नको. लघवी साफ करणारे काढे लिथियमला वाईट. देवऋषी, अंगारा, त्यानं गोळीला काही होत नाही, फक्त "आता गोळी सोड" म्हणणारा असला तर त्याच्याकडं परत जाऊ नका.

एक डोस चुकला.

आठवल्यावर घ्या, पण पुढच्या डोसची वेळ जवळ आली असेल तर तो सोडून द्या. दोन एकदम कधीच नाही.

सवय लागते का? आयुष्यभर घ्यायची का?

नशेसारखी सवय लागत नाही, डोस वाढवत जावासा वाटत नाही. पण एकदम सोडली की आजार उसळून येतो, विशेष करून लिथियम तडकाफडकी सोडल्यावर मॅनिया यायची शक्यता जास्त. फिटच्या घराण्यातली गोळी अचानक सोडली तर फिट पण येऊ शकते. सोडायचीच असेल तर आठवड्या-महिन्यांनी उतरवत, डॉक्टरच्या देखरेखीत.

आता ते आठ महिने. तिसऱ्या वर्षी मी एकदम ठणठणीत होतो. धंदा बरा, झोप बरी, म्हटलं आता कशाला गोळी, बरा झालोय. कोणाला न सांगता सोडली, स्ट्रिपमधल्या गोळ्या रोज एकेक काढून नाल्यात टाकायचो म्हणजे बायकोला मोजता येऊ नये. पहिले पाच महिने काहीसुद्धा झालं नाही, आणि ह्यानंच माणूस फसतो. सहाव्या महिन्यात एका रात्री दुकानातली सगळी रिळं उसवली आणि रंगाप्रमाणं नवीन गुंडाळत बसलो, सकाळी शटर उघडायला पोरगं आलं तर गुडघ्याएवढा दोरा. मला ते जगातलं सगळ्यात महत्त्वाचं काम वाटत होतं. पुढच्या आठवड्यात एका अनोळखी बाईला, मुलीचं लग्न आहे म्हणाल्या म्हणून, माझ्या बायकोची बोरमाळ देऊन टाकली. ती तिच्या आईची होती. परत मिळाली, त्या बाईच भल्या होत्या, घरी आणून दिली. बायको अजून ती घालत नाही.

आयुष्यभर घ्यायची की नाही हे तुमच्या आजाराचे झटके किती आले, किती मोठे होते त्यावर डॉक्टर ठरवतील, काही जणांची गोळी बंद होते पण. माझी नाही होणार, ते मी मान्य केलंय. लिथियमबद्दल एक सांगतो, आत्महत्येचा धोका कमी करणारं म्हणून ते पूर्वीपासून नावाजलेलं आहे, तेवढ्यासाठी तरी ते आपलं आपण फेकू नका.

गोळीनं माणूस बधिर होतो म्हणतात, आधीसारखा राहत नाही.

काहींना होतं. सगळं थोडं सपाट वाटतं, शब्द लवकर सुचत नाहीत. डोस जास्त असेल, थायरॉईड कमी झाला असेल (लिथियमनं होतो आणि त्याची गोळी असते), किंवा अजून डिप्रेशन असेल. तिन्हीला वेगवेगळा इलाज आहे म्हणून "जरा मंद वाटतंय" एवढं तरी सांगा. आणि खरं सांगू का, मॅनियातला मी लई भारी वाटायचो हे मला पण आठवतं.

लग्न झालंय, मूल हवंय. किंवा मुलीचं लग्न ठरतंय.

व्हॅलप्रोएटबद्दल सरळ लिहितो कारण इथं गुळमुळीत बोलून चालत नाही. गरोदरपणात व्हॅलप्रोएट चालू असेल तर १०० पैकी साधारण १० बाळांत जन्मतः व्यंग असतं, मणक्याचं वगैरे, आणि ३० ते ४० मुलांच्या वाढीत, शिकण्यात अडचणी येतात. म्हणून मूल होऊ शकणाऱ्या बाईला ही गोळी शक्यतो देतच नाहीत, आणि द्यायलाच लागली तर गर्भनिरोधकाची पक्की व्यवस्था करून. तुमच्या पोरीला दिली असेल आणि हे कोणी सांगितलं नसेल तर उद्याच जाऊन विचारा. पण दिवस गेल्याचं कळलं म्हणून त्याच रात्री गोळी फेकू नका, दुसऱ्या दिवशी डॉक्टर गाठा. व्हॅलप्रोएटनं पाळी अनियमित होणं, पीसीओएस (अंडाशयाचा त्रास) हे पण होतं.

कार्बामॅझेपिन गर्भनिरोधक गोळी निकामी करतं. उलट गर्भनिरोधक गोळी लॅमोट्रिजिन निम्म्यावर आणते. स्त्रीरोगवाल्या मॅडमना गोळीचं नाव दाखवा, "मानसिकची एक गोळी चालू आहे" एवढ्यानं त्यांना काही कळत नाही.

लग्न जमवताना सांगायचं का? मी म्हणतो सांगायचं, बोलणी पक्की व्हायच्या आधी, मुलानं मुलीनं एकमेकांना. पत्रिकेत लिहायची गरज नाही.

कधी सगळं सोडून हॉस्पिटलला पळायचं?

लिथियमवर असताना हात मोठे थरथरणं, बोलणं अडखळणं, तोल जाणं, गुंगी, गोंधळल्यासारखं, सारख्या उलट्या-जुलाब. व्हॅलप्रोएटवर पोटात वर जोरात दुखणं, डोळे पिवळे, अंगावर निळे डाग, खूप सुस्ती. कार्बामॅझेपिनवर ताप, घसा, तोंडात फोड, किंवा गोंधळ आणि डोकेदुखी (सोडियम उतरलेलं असू शकतं). पुरळाचं वर सांगितलं. पुढची गोळी देऊ नका, सगळ्या स्ट्रिप पिशवीत घालून बरोबर न्या, १०८ ला फोन करा नाहीतर रिक्षा.

आणि मरायचे विचार यायला लागले, किंवा घरातलं माणूस निरवानिरवीचं बोलायला लागलं, तर एकटं सोडू नका, गोळ्यांचा साठा दुसऱ्याच्या ताब्यात द्या. लिथियमच्या जास्त गोळ्या जिवावर बेततात. टेलिमानस १४४१६, रात्री अपरात्री कधीपण, फुकट, मराठीत बोलता येतं. २०२२ पासून चालू आहे. जीव धोक्यात असेल तर ११२.

खर्च किती? सीपीआरला, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी हॉस्पिटलात, मिळतं का?

लिथियम स्वस्त औषधांत येतं, खर्च जास्त करून रक्ताच्या टेस्टचा आणि एक दिवसाचा रोजगार बुडतो त्याचा. सीपीआरला मानसोपचार विभाग आहे, केसपेपर काढून दाखवता येतं, सकाळी लवकर जा. दसरा चौकातून चालत पाच मिनिटं. कोण बघेल म्हणून तोंडाला रुमाल बांधून जाणारे मी बघितलेत, मी पण पहिल्यांदा हेल्मेट काढलं नव्हतं रांगेत. इन्शुरन्सवाले मानसिक आजार म्हटल्यावर नाही म्हणत असतील तर २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा दाखवा, शारीरिक आजारासारखंच ह्याला पण कव्हर द्यायला लागतं असं त्यात लिहिलंय.

पूर आला आणि गोळी संपली तर?

हा प्रश्न कोल्हापूर सोडून कोण विचारत नसेल. २०१९ च्या ऑगस्टमध्ये हायवे कित्येक दिवस बंद होता, औषधाची गाडीच आत येईना, २०२१ ला जुलैत परत तेच. माझ्याकडं २०१९ ला सहा गोळ्या होत्या. उतारावर राहणाऱ्या एका ओळखीच्यानं स्वतःच्यातल्या दहा दिल्या, चिठ्ठी बघून, तीच कंपनी तोच डोस आहे का ते बघून. तेव्हापासून जूनच्या पहिल्या आठवड्यात मी एक महिन्याचा जादा साठा आणून ठेवतो, चिठ्ठीवर डॉक्टरकडून तसं लिहून घेतो. गोळ्या, चिठ्ठीची झेरॉक्स, शेवटचा लेव्हलचा रिपोर्ट, सगळं झिपवाल्या प्लास्टिकच्या पिशवीत, माळ्यावर, सोन्याच्या डबीशेजारी. बायको म्हणते पंचगंगेचं पाणी चढायला लागलं की आधी ती पिशवी काढा, डबी मागनं.